बिनपेल्याचा जिमखाना

आमच्या वऱ्हाडातल्या कापूसबाजाराच्या शहरात एक जुना जिमखाना आहे. त्या जिमखान्यात सगळं आहे, फक्त पेला नाही.

पोहायला काळ्या दगडात बांधलेला हौद आहे. उन्हाळ्यात त्याच्या पायऱ्यांवर पाय सोडून बसलं की घरी जावंसं वाटत नाही. बिलियर्डचं टेबल आहे. ते स्टेशनापासून बैलगाड्यांवर आणताना दोन चाकं मोडली होती म्हणतात. टेनिसची मैदानं आहेत, लाल मातीचा आखाडा आहे, सागवानी मलखांब आहे. आंघोळीच्या गरम पाण्यासाठी वेगळं बंबघर आहे, तेल-मालिशची खोली आहे आणि वरच्या मजल्यावर वाचनालय आहे. तिथे वर्तमानपत्रापेक्षा डुलक्याच जास्त घेतल्या जातात. हे सगळं पाहुण्यांना दाखवण्याचं काम नानाजी काळबांडे करतात. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे नानाजी. चाळीस वर्षं त्यांनी इथे मलखांब शिकवला. आता पाहुणे फिरवतात. हे काम त्यांना कोणी दिलेलं नाही, त्यांनीच ते घेतलं आहे, आणि ते काढून घेण्याची कोणाची छाती नाही.

एवढं फिरून झालं की पाहुण्यांना तहान लागतेच. वऱ्हाडातलं ऊन कोणाची गय करत नाही. पाणी आहे कडुनिंबाखाली. दगडी ओट्यात बसवलेले तीन रांजण आणि त्यांवर लांब दांड्याचं एक पितळी ओगराळं. पाहुणा इकडेतिकडे पाहतो. पेला नाही, गिलास नाही, साधी वाटीसुद्धा नाही. नानाजी म्हणतात, "हात धुवा आन् ओंजळ धरा." मग ते स्वतः ओगराळ्याने पाणी वाढतात. पाहुण्याचं अर्धं पाणी पोटात जातं आणि अर्धं बाह्यांमध्ये. तो रुमालाने हात पुसत विचारतो, "नानाजी, एवढा श्रीमंत जिमखाना, आणि चार पेले ठेवता येत नाहीत?"

नानाजी याच प्रश्नाची वाट पाहत असतात. ते ओट्यावर बसतात, धोतराचा सोगा मांडीवर घेतात आणि गोष्ट सुरू करतात. ही गोष्ट त्यांना त्यांच्या वस्तादांनी सांगितली, वस्तादांना त्यांच्या वस्तादांनी. मधल्या मध्ये किती मीठमसाला पडला असेल देव जाणे. पण मूळ आमटी खरी आहे, असं नानाजी छातीवर हात ठेवून सांगतात.

गोष्ट इंग्रजांच्या अमलातली आहे. जिमखान्याचे पहिले चिटणीस नरहरपंत असनारे. पेशाने वकील, आणि नियमांवर त्यांचं प्रेम असं, की बायकोने भाजीला किती फोडणी घालावी याचाही त्यांनी नियम केला असता. तिने करू दिला नाही एवढंच. ती हौस त्यांनी जिमखान्यात भागवली. एकसष्ट नियमांची नियमावली त्यांनी एकट्याने लिहिली. मालिशला तेल किती घ्यावं, बिलियर्डची काठी खेळून झाल्यावर कुठे टेकवावी, पडसं झालेल्याने किती दिवस हौदात उतरू नये, सगळं त्यात होतं.

पण पंतांना खरा अभिमान होता सतराव्या नियमाचा. या शहरातील कोणत्याही जातीच्या वा धर्माच्या सज्ञान पुरुषास या जिमखान्याचे सभासद होता येईल, असा तो नियम. त्या काळात असं लिहायला धाडस लागत होतं, आणि पंतांनी ते केलं. सभेत भांडले, दहा-बाराजण नाराज होऊन निघून गेले तरी मागे हटले नाहीत. पाहुणे आले की पंत सतरावा नियम खड्या आवाजात वाचून दाखवत. नरहरपंत वाईट माणूस नव्हते. वाईट माणूस असते तर ही गोष्ट सांगण्यात काही अर्थ नव्हता.

नियम झाला, पण त्या नियमाने दारातून आत कोणी आलं नाही. कोणी यावं म्हणून कोणी बोलवायलाही गेलं नाही. वर्षं गेली. मग एक दिवस गरज पडली.

दर वैशाखात रेल्वेच्या वसाहतीतल्या गड्यांशी जिमखान्याची रस्सीखेच होत असे, आणि दर वैशाखात जिमखाना हरत असे. रेल्वेचे गडी रूळ उचलणारे. आमचे गडी बासुंदी उचलणारे. रस्सीखेचीचे कप्तान दाजीसाहेब राजूरकर या हरण्याने अगदी मेटाकुटीला आले होते. एकदा ते जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, आपला कापूस बघायला गेले आणि तिथे त्यांना एक हमाल दिसला. दोन माणसांना न हलणारी कापसाची गठाण तो एकटा पाठीवर घेऊन फळीवरून चढत होता, आणि चढताना शेजारच्याशी बोलत होता. त्याचं नाव पुंजाजी तेलगोटे. शहराबाहेरच्या ज्या वस्तीला तेव्हा लोक अस्पृश्य म्हणत, त्या वस्तीतला.

दाजीसाहेब तडक पंतांकडे आले. म्हणाले, "पंत, तुमचा तो सतरावा नियम खरा आहे, की नुसता वाचायला आहे?"

पंत म्हणाले, "खरा आहे." आणि पुंजाजी सभासद झाला. त्या दिवशी पंतांना घास गोड लागला असेल यात शंका नाही.

अडचण आली ती पाण्याची. तेव्हा रांजणांशेजारी भिंतीवर खुंट्या होत्या आणि प्रत्येक खुंटीवर एकेका सभासदाचा चांदीचा पेला टांगलेला असे, त्यावर नाव कोरलेलं. व्यायाम झाला की ज्याने त्याने आपला पेला काढायचा, रांजणात बुडवायचा आणि प्यायचं. आता पुंजाजीचा पेला त्याच रांजणात बुडणार का? यावर कमिटी दुपारपासून दिवेलागणीपर्यंत बसली. सतराव्या नियमाला ज्यांनी हात वर केले होते, त्यातलेही बरेच जण या प्रश्नाला खाली बघू लागले. शेवटी पंतांनी तोड काढली. नियम त्रेचाळीस, पोटकलम. पुंजाजीस पाणी गोमाजीने ओगराळ्याने वरून वाढावे, पुंजाजीने ते ओंजळीने प्यावे. गोमाजी हा जिमखान्याचा पाणी भरणारा भोई. हौदात उतरण्याचा विषय पुढल्या वर्षीच्या सभेपुढे ठेवावा, असंही ठरलं. तो विषय दर वर्षी पुढल्या वर्षीच्या सभेपुढे जात राहिला.

मग पुंजाजीला ओट्यापाशी बोलावून विचारण्यात आलं, की रांजणाला हात लावणार नाहीस ना? कमिटी सगळी उभी होती. पुंजाजीने एकदा रांजणाकडे पाहिलं, एकदा त्या माणसांकडे पाहिलं आणि म्हणाला, "नाई लावनार जी. शबद देल्ला."

साप मेला आणि काठीही तुटली नाही, असं पंतांना वाटलं. सगळ्यांचं मन राखलं गेलं, माणूस आत आला, आणि बाकीचं हळूहळू होईल. हळूहळू हा शब्द पंतांना फार आवडत असे.

तीन वर्षं जिमखाना रस्सीखेच जिंकला. दोराच्या टोकाला, कमरेला वेढा देऊन पुंजाजी उभा राहिला की समोरच्या गड्यांना वाटे, आपण झाडाशी झोंबतो आहोत. सामना झाला की तो रांजणापाशी जाऊन ओंजळ धरी. गोमाजी उंचावरून वाढी, पण धार बारीक ठेवी, म्हणजे ठसका लागू नये. जाता येता पंतांना ते दिसे. दिसलं की मनात कुठे तरी काही खुपे. मग ते मनाशी म्हणत, हळूहळू होईल, आणि आपल्या चांदीच्या पेल्यातून पाणी पीत.

चौथ्या वर्षीचा वैशाख काही वेगळाच होता, असं सांगतात. आठ दिवस वारा नव्हता. चिमण्या झाडावरून टपाटपा पडत होत्या म्हणे. नानाजी इथे थांबून म्हणतात, "चिमण्यांचं मले मायीत नाई, पन ऊन होतं." सामना चार वाजता सुरू झाला. पहिली ओढ रेल्वेच्या गड्यांनी जिंकली, दुसरी जिमखान्याने. तिसरी काही संपेना. दोर थरथरत मध्येच उभा. पुढचे गडी एकामागून एक गुडघ्यावर आले. पुंजाजी मागे रेलून, टाचा जमिनीत रोवून तसाच उभा राहिला. त्याच्या अंगावरचा घाम आधी वाहिला आणि मग वाहायचा थांबला, हे लांबून कोणाच्या लक्षात आलं नाही. शेवटी समोरचे सुटले. जिमखाना जिंकला.

मग काय विचारता. दाजीसाहेबांना खांद्यावर घेतलं, फेटे उडाले, सगळा घोळका रांजणांवर आला. खुंट्यांवरचे पेले खणखण निघाले, बुडाले, रिकामे झाले, पुन्हा बुडाले. पाणी पिऊन मंडळी वर वाचनालयात गेली, कारण तिथे पाहुण्यांसाठी पन्हं होतं. पुंजाजी सगळ्यांच्या मागून आला. कमरेचा वेढा घट्ट बसला होता, तो सोडवायला त्याला वेळ लागला. तो रांजणापाशी आला, ओट्याखाली उभा राहिला आणि त्याने ओंजळ धरली.

गोमाजी तिथे नव्हता. पन्ह्यात घालायला बर्फ हवा म्हणून त्याला स्टेशनावर पाठवलं होतं.

पुंजाजी उभा राहिला. दोघंचौघं जवळून गेले. एकाने पेला खुंटीला लावता लावता म्हटलं, "येतोच आहे गोमाजी." दाजीसाहेब पाठीवर शाबासकी द्यायला आले, पण पाठीला हात न लावता लांबूनच "शाब्बास रे गड्या" म्हणून वर गेले. मग पंत आले. त्यांनी पुंजाजीचा चेहरा पाहिला. ओठ पांढरे पडले होते, डोळे कुठे तरी भलतीकडे लागले होते.  ते म्हणाले, "अरे, गोमाजी कुठे आहे?" आणि ते गोमाजीला शोधायला धावले.

हे नीट ऐका, असं नानाजी इथे म्हणतात. रांजण पंतांपासून दोन पावलांवर होता. ओगराळं रांजणावर होतं. पंत धावत आधी बंबघरात गेले. तिथे बंब थंड पडला होता आणि कोणी नव्हतं. मग मालिशच्या खोलीत डोकावले. मग बिलियर्डच्या खोलीत, तिथे दोघं खेळत होते, त्यांना विचारलं, "गोमाजी दिसला का?" त्यांनी नाही म्हटलं आणि पुन्हा काठी उचलली. पंत हौदाला वळसा घालून मागे गेले, हौदात निळंशार पाणी होतं. आखाड्यात गेले, टेनिसच्या मैदानावर गेले, धापा टाकत जिना चढून वाचनालयात गेले. "गोमाजी! अरे गोमाजी!" अशा हाका साऱ्या जिमखान्यात घुमत होत्या. धोतर पायात येऊन ते एकदा पडले, गुडघा फुटला, तरी उठून धावले. आपण पुंजाजीसाठी जिवाचं रान करतो आहोत असंच त्यांना वाटत होतं, आणि ते खोटं नव्हतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, त्यातला प्रकार. पण कळसा विसरलेला माणूस कळसाच शोधत असतो. पंत पाणी शोधतच नव्हते, ते वाढणारा शोधत होते.

गोमाजी फाटकात सापडला. डोक्यावर भुशात गुंडाळलेला बर्फ, पाणी मानेवरून गळत होतं. पंत त्याला ओढतच घेऊन आले. ओट्याखाली पुंजाजी आडवा पडला होता.

गोमाजीने तो बर्फ जमिनीवर आपटला. "अरे माह्या बापा!" म्हणत तो खाली बसला, पुंजाजीचं डोकं त्याने मांडीवर घेतलं, छातीवर बर्फाचे तुकडे लावले, ओंजळीने त्याच्या तोंडावर पाणी मारलं. तीन वर्षं त्याला न शिवता पाणी वाढणारा गोमाजी, त्याने त्या दिवशी शिवाशिवीचा विचारही केला नाही. नियम करणारे पंत बाजूला उभे होते.

सभासदांतले एक डॉक्टर होते, त्यांनी नाडी पाहिली आणि मान हलवली. तीन दिवस पुंजाजी शुद्धीवर नव्हता. त्याच्या बायकोने, गिरजाने, तळपायांना कांद्याचा रस चोळला, कैरीचा गर अंगाला लावला. चौथ्या दिवशी त्याने डोळे उघडले. जगला. पण उन्हाने त्याच्या अंगातलं बळ नेलं ते नेलंच. गठाण पुन्हा त्याच्या पाठीवर चढली नाही. जिनाच्या दारावर बसून आत-बाहेर जाणाऱ्या गाड्या बघणं, एवढंच काम त्याला उरलं.

जिमखान्यात यावर पुष्कळ बोलणं झालं. बहुतेकांचं म्हणणं एकच पडलं. रांजण समोर होता. त्याने घ्यायचं होतं. अशा वेळी कोण अडवणार होतं त्याला? पंतांनाही हे म्हणणं पटलं. खरं सांगायचं तर त्यांना त्याचा मोठा आधार वाटला, आणि तोच आधार घेऊन सहाव्या दिवशी भर उन्हात ते पुंजाजीच्या वस्तीत गेले. आयुष्यात पहिल्यांदा.

पुंजाजी दारातल्या बाजेवर पडला होता. गिरजाने पंतांना बसायला घोंगडी टाकली. आल्यागेल्याला पाणी विचारायची रीत असते. तिने विचारलं नाही. घसा कोरडा पडला असूनही पंतांनी मागितलं नाही. का विचारलं नाही आणि का मागितलं नाही, हे दोघांनाही माहीत होतं.

पंतांनी प्रकृतीची चौकशी केली. मग मनात जे घोळत होतं ते बोलले. आवाजात राग नव्हता, माया होती. "पुंजाजी, अरे वेड्या, रांजण समोर होता. जीव जायची वेळ आली होती. एक ओगराळं घ्यायचं होतंस. कोण काय म्हणालं असतं तुला?"

 पुंजाजी म्हणाला, "वकीलसाहेब, रांजनाले हात नाई लावाचा, असा शबद म्या देल्ला होता." त्याने मान वळवून पंतांकडे पाहिलं. "तुमी कोनाले देल्ला होता?"

आयुष्यभर कोर्टात उलटतपासण्या घेतलेले पंत उठले.  उन्हातून पायी परत आले. वाटेत ओळखीच्या दोघांनी नमस्कार केला, तो त्यांना दिसला नाही. आपण कोणाला शब्द दिला नव्हता. आपल्याला कोणी अडवलं नव्हतं. दोन पावलं होती. सतरावा नियम लिहिणारे हात आपलेच, आणि ओगराळ्यापर्यंत न पोचलेले हातही आपलेच. त्या दिवशी पंतांना स्वतःची लाज वाटली, आणि ती लाज पुढे कधी पूर्ण गेली नाही, असं सांगतात.

दुसऱ्या दिवशी पंतांनी आपला पेला खुंटीवरून काढून घरी नेला. नेहमीच्या जोर-बैठका झाल्यावर ते रांजणापाशी येऊन उभे राहिले आणि त्यांनी ओंजळ धरली. गोमाजी लगबगीने वाढायला आला. पंतांनी मान हलवली. म्हणाले, "तू नाही, गोमाजी. तुझा यात काही दोष नाही. पुंजाजी येऊन वाढेल तेव्हाच मी इथलं पाणी पिईन."

हे ऐकून मंडळी चपापली, मग हसली. वकिलांचं नाटक म्हणाली. पंत रोज येत, व्यायाम करत, घामाघूम होत, ओंजळ धरून थोडा वेळ उभे राहत आणि कोरडेच घरी जात. काहींना त्यांचा राग येई. कारण पंत तसे उभे असताना शेजारी उभं राहून चांदीच्या पेल्यातून पाणी पिणं कठीण होई. दाजीसाहेब तर घरूनच पाणी पिऊन येऊ लागले.

ही बातमी पुंजाजीला लागली. तो लगेच आला नाही. आला तो नागपंचमीच्या सुमारास, काठी टेकत. संध्याकाळची वेळ, जिमखाना भरलेला. पंत रांजणापाशी उभे होते. पुंजाजी ओट्याच्या कडेला बसला, काठी आडवी मांडीवर ठेवली आणि पंतांकडे बघत राहिला. पंतांची ओंजळ पुढेच होती.

"तहान लागली काय जी?" पुंजाजीने विचारलं.

"हो."

"मंग राहा थोडं उभे."

सगळा जिमखाना गोळा झाला. बिलियर्डवाले काठ्या घेऊनच बाहेर आले. मलखांबाची सावली आखाड्यातून सरकत ओट्याच्या पायरीपर्यंत आली, तेवढा वेळ पुंजाजीने पंतांना उभं केलं. पंतांनी हात खाली घेतले नाहीत. मग पुंजाजी उठला, रांजणापाशी गेला, आणि ओगराळ्यापासून वीतभर अंतरावर त्याचा हात थांबला.

"माह्या शबदाचं काय?" तो म्हणाला. "तो अजून तुमच्यापाशीच हाय. पह्यले तो वापस करा. एकट्या वकीलसाहेबानं नाई. ज्यायनं ज्यायनं घेतला, त्यायनं त्यायनं."

पंत लगेच म्हणाले, "पुंजाजी, तुझा शब्द परत. माझ्याकडून."  त्या दिवशी कमिटीतली जी माणसं ओट्यापाशी उभी होती, त्यातली बहुतेक इथे हजर होती. कोणी पायाने माती उकरत होतं, कोणी फाटकाकडे बघत होतं. पुंजाजीचा हात तसाच थांबला होता. पंतांच्या मनात आलं, की आता हा हात मागे गेला तर आपल्याला इथलं पाणी जन्मात मिळणार नाही, आणि ते योग्यच होईल.

मग दाजीसाहेब राजूरकर पुढे आले.  म्हणाले, "शब्द परत, पुंजाजी. मी त्या दिवशी तुझ्या पाठीला हातही लावला नाही रे." आणि त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. मग डॉक्टर बोलले. मग आणखी एक, मग आणखी दोघं. काही जण बोलले नाहीत. ते पागोटी सावरत फाटकातून निघून गेले आणि पुन्हा कधी आले नाहीत. शेवटचा माणूस बोलला तेव्हा पुंजाजीने ओगराळं उचललं, रांजणात बुडवलं आणि पंतांच्या ओंजळीत धार धरली. पंत प्यायले. पिताना ते रडत होते, हे सगळ्यांनी पाहिलं.

मग पुंजाजीने ओगराळं त्यांच्या हातात दिलं आणि स्वतः ओंजळ धरली. पंतांनी जन्मात कोणाला पाणी वाढलं नव्हतं. त्यांनी भरलं ओगराळं एकदम ओतलं, ते पुंजाजीच्या नाकातोंडात गेलं, दाढीवरून पोटावर आलं. पुंजाजी खोकला, आणि मग एवढ्या दिवसांत पहिल्यांदा हसला. "वकीलसाहेब, पानी वाढाले बी शिकाव लागते," तो म्हणाला.

त्या रांजणांचं पाणी तेव्हापासून कधी आटत नाही, असंही काही लोक सांगतात. नानाजींना ते मान्य नाही. "आटते. मी सोता भरतो," असं ते म्हणतात. चांदीचे पेले वितळवून ओगराळं केलं, हेही खोटं. ओगराळं पितळेचं आहे आणि पेले ज्याचे त्याने घरी नेले. चांदी ती चांदी. मात्र त्या महिन्यात पंतांनी त्रेचाळिसावा नियम खोडला आणि त्या जागी नवा लिहिला, हे खरं आहे. एकसष्ट नियमांत तोच सगळ्यात लहान आहे. पेला नाही, हाक नाही. म्हणजे जिमखान्यात पाणी कोणी आपल्या हाताने घ्यायचं नाही, आणि तहान लागली तर कोणाला हाक मारायची नाही. ओंजळ धरून उभं राहायचं. जो जवळ असेल त्याने हातातलं काम टाकून वाढायचं, मग तो अध्यक्ष असो की झाडूवाला. पुढल्या उन्हाळ्यात हौदाचा विषय सभेपुढे गेलाच नाही. पुंजाजी सरळ हौदात उतरला. त्याला पोहता येत नव्हतं. तो गळ्यापर्यंत पाण्यात पायरीवर बसून राहिला, आणि त्या दिवशी बाकीचेही पोहले नाहीत, पायऱ्यांवर त्याच्या रांगेत बसले.

आजही जिमखान्यात पेला आलेला नाही. आता बायकाही सभासद आहेत, पोरीबाळी बॅडमिंटनच्या रॅकेटी घेऊन येतात, कोणाकोणाच्या पिशवीत प्लास्टिकच्या बाटल्या असतात; त्या फाटकाशी ठेवाव्या लागतात. बिलियर्डचा डाव रंगात आलेला असला तरी खिडकीतून ओंजळ दिसली की माणूस काठी टेकवून बाहेर येतो. आणि आजही गोष्ट संपली की नानाजी ओट्यावरून उठतात. तासभर बोलून घसा सुकलेला असतो. ते रांजणापाशी जातात, ओंजळ पुढे धरतात आणि काही न बोलता उभे राहतात. पाहुणे गोष्टीने भारावलेले असतात, कोणाचे डोळेही ओले असतात. तरी दर वेळी त्यांच्यातला कोणी तरी आधी मागे वळून बघतो, की इथला माणूस कुठे गेला.